नर्सरीतले शेणखत आणि लेंडीखत: एका हंगामाचा अनुभव

ठाण्यात घोडबंदर रस्त्यालगतच्या एका नर्सरीतून एप्रिलमध्ये मी पाच-पाच किलोंच्या दोन पिशव्या आणल्या, एक शेणखताची आणि दुसरी लेंडीखताची, म्हणजे शेळ्या-मेंढ्यांच्या लेंड्यांच्या खताची. दोन्हींवर ‘पूर्ण कुजलेले’ असे छापले होते, आणि गच्चीतील वांगी-मिरचीच्या कुंड्यांसाठी मला नेमके तेच हवे होते.

शेणखताची पिशवी उघडताच अमोनियाचा झणझणीत दर्प आला. चांगले कुजलेले शेणखत काळपट, भुसभुशीत असते आणि त्याला पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखा वास येतो. येथे मात्र गवताच्या काड्या अखंड होत्या, गोळे ओले होते आणि त्यांतील एक फोडल्यावर हुमणीची पांढरी अळी वेटोळे करून बसलेली दिसली. नर्सरीवाल्यांना फोन केला, तर ते म्हणाले, “काका, शेणच आहे ते, वास येणारच!” वासाचे एक वेळ सोडून देऊ, पण अशा कच्च्या खतातील काड्या कुजवताना जिवाणू मातीतला नत्र (नायट्रोजन) स्वतःसाठी ओढून घेतात. माझ्या दोन कुंड्यांतील मिरचीची खालची पाने पंधरा दिवसांत पिवळी पडली, ती बहुधा त्यामुळेच.

लेंडीखताबद्दल मात्र तक्रार नाही. लेंड्या कोरड्या व गंधहीन होत्या. त्या अख्ख्या टाकल्यास महिनोन्महिने तशाच राहतात, म्हणून रात्रभर भिजवून हाताने चुरल्या. वांग्यांना त्याचा गुण स्पष्ट दिसला.

पिशवीवर अन्नद्रव्यांचे प्रमाण छापलेले नाही, हा दोन्हींतील समान दोष आहे. शेणखतात नत्र साधारण अर्धा टक्का धरतात, म्हणजे पाच किलोंत जेमतेम 25 ग्रॅम, आणि तोही सगळा पहिल्याच हंगामात पिकाला मिळत नाही. त्यातही निम्मे वजन पाण्याचे असेल, तर आपण नेमके कशाचे पैसे मोजतो, हा प्रश्न उरतोच.

लेंडीखत पुन्हा घेईन. शेणखत घेताना मात्र पिशवी दुकानातच उघडायला लावेन. उरलेले शेणखत गच्चीच्या कोपऱ्यात गोणपाटाखाली झाकून ठेवले आणि दर पंधरवड्याला वरखाली करत राहिलो. ऑगस्टच्या सुरुवातीला दर्प गेला, ढीग निम्म्याने बसला आणि नंतर त्यात टाकलेले मेथीचे दाणे चौथ्या दिवशी उगवले.