धुराच्या फटाक्यांची विक्री: मॅसॅच्युसेट्सची बंदी आणि कॅलिफोर्नियाचा परवाना

अमेरिकेत रंगीत धूर सोडणाऱ्या फटाक्यांच्या रचनेचे नियम संघराज्य ठरवते: त्यांचा स्फोट होता कामा नये, वात सोडून बाहेर ज्वाळा निघता कामा नये, आणि वात किमान 3 व कमाल 9 सेकंद जळावी. विक्रीला परवानगी द्यायची की नाही, हे मात्र राज्ये ठरवतात.

मॅसॅच्युसेट्समध्ये सामान्य नागरिकांना कोणतेही फटाके विकण्यास वा वापरण्यास पूर्ण मनाई आहे. नियम समजायला सोपा आहे. पण शेजारच्या न्यू हॅम्पशायरमध्ये विक्री कायदेशीर असल्याने सीमेपलीकडून माल येतच राहतो.

कॅलिफोर्नियात राज्य अग्निशमन प्रमुखांची मोहोर असलेले फटाकेच विकता येतात, तेही फक्त परवानाधारक विक्रेत्यांना, 28 जून ते 6 जुलै या काळातच आणि स्थानिक प्रशासनाने मुभा दिली असेल तरच. हा मार्ग मला अधिक विचारपूर्वक आखलेला वाटतो, कारण त्यात मालाची तपासणी होते. तथापि विक्रीचे दिवस मर्यादित केल्याने वापराचे दिवस आपोआप मर्यादित होत नाहीत. सप्टेंबर 2020 मध्ये, म्हणजे हा विक्रीकाळ संपून दोन महिने झाल्यावर, युकाइपाजवळ बाळाचे लिंग जाहीर करण्याच्या समारंभात वापरलेल्या धूरनिर्मिती साधनातून एल डोराडो वणवा पेटला, 22,000 एकरांहून अधिक क्षेत्र जळाले आणि एका अग्निशामकाला प्राण गमवावे लागले. म्हणून कायदा बदलताना वाळलेल्या गवताजवळ अशी साधने पेटवण्यावरील निर्बंध विक्रीच्या तारखांइतकेच स्पष्ट असले पाहिजेत.