ग्राफिक्स कार्ड घ्यायला निघालात? ‘कितने जीबी का है’ हे विचारू नका

इंदूरमध्ये कॉम्प्युटरचं ग्राफिक्स कार्ड घ्यायला निघालेला माणूस दुकानात पहिला प्रश्न विचारतो तो ‘कितने जीबी का है?’ आणि तिथेच सौदा दुकानदाराच्या हातात जातो. आर. एन. टी. मार्गावरचा सिल्व्हर मॉल असो नाहीतर जेल रोडचं नॉव्हेल्टी मार्केट, काउंटरवरच्या पोराचं उत्तर तयार असतं: ‘चार जीबी है भिया, सब चलेगा.’ यातलं चार जीबी खरं असतं. ‘सब चलेगा’ ही थाप असते, आणि ती तोंडी असते. खोक्यावर छापलेलं एकही अक्षर खोटं नसतं, त्यामुळे नंतर भांडायला जाल तर हाताशी काहीच नसतं.

मुलगी अ‍ॅनिमेशनला गेली, मुलगा आर्किटेक्चरला आहे, किंवा घरात नुसताच गेमचा हट्ट चाललाय, असे राजेंद्रनगर-सुदामानगरकडचे आईबाबा डोळ्यांसमोर ठेवून हा आढावा लिहितोय. किमती मुद्दाम टाकत नाही, त्या दर आठवड्याला हलतात. कार्डाचे आकडे मात्र हलत नाहीत. एकाच नावाची दोन कार्डं शेजारी ठेवून पाहू, कारण फसगत नेमकी तिथेच होते.

आधी जीबीचा निकाल लावू. जीबी म्हणजे कार्डावरच्या मेमरीचा साठा. वेग ठरतो तो या साठ्यातून सेकंदाला किती माल बाहेर येतो यावर, आणि तो माल उचलणारे कोअर किती आहेत यावर. घरात हौद कितीही मोठा बांधा, नर्मदेची लाइन अर्ध्या इंचाची असेल तर वरच्या मजल्यावर बादली भरायला तेवढाच वेळ लागणार. त्या लाइनीची जाडी खोक्याच्या कडेला बारीक अक्षरांत लिहिलेली असते: ६४ बिट, ९६ बिट, १२८ बिट. तिच्या शेजारी मेमरीची जात असते: डीडीआर३, डीडीआर४, जीडीडीआर५, जीडीडीआर६. हिशेब तिसरीतल्या पोरालाही जमेल. बिटांना ८ ने भागा आणि मेमरीच्या वेगाने गुणा.

जीटी ७३०, जीटी १०३० आणि काहीच न घेणं

स्वस्तातल्या ‘गेमिंग पीसी’मध्ये हमखास सापडतं ते जीटी ७३०. खोक्यावर ड्रॅगन किंवा चिलखतवाला योद्धा, कोपऱ्यात ठळक ‘४ जीबी’. खोकं आडवं करून कडेचा स्टिकर वाचा: डीडीआर३, ६४ बिट. ६४ भागिले ८ म्हणजे ८, गुणिले मेमरीचा वेग १.८. सेकंदाला १४.४ जीबी. याच नावाचं जीडीडीआर५ मेमरीचं कार्ड निघालं होतं, त्याचा आकडा ४०. नाव तेच, पंखा तसाच, आणि साठा बरेचदा कमी, म्हणजे २ किंवा १ जीबी. त्यामुळे ‘चारवालाच द्या’ म्हणणारा माणूस जास्त पैसे मोजून हळू कार्ड घरी आणतो. आणखी एक भानगड आहे. २०१४ साली आलेल्या जीटी ७३० मध्ये काही कार्डांवर ३८४ कोअर आहेत, तर काहींवर आधीच्या पिढीची चिप आणि फक्त ९६. दोन्हींचं नाव जीटी ७३०.

कार्ड सीलबंद मिळतं म्हणून ते नवं ठरत नाही. ३८४ कोअरवालं जीटी ७३० केप्लर नावाच्या पिढीचं, आणि तिच्यासाठी एनव्हिडिया या चिप बनवणाऱ्या कंपनीने २०२१ मध्ये नव्या गेमचे ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) थांबवले आणि सुरक्षेचे अपडेटही सप्टेंबर २०२४ पर्यंतच ठेवले होते.

त्याच्या वरचं जीटी १०३० आलं २०१७ मध्ये, जीडीडीआर५ मेमरी घेऊन, ४८ जीबी प्रति सेकंद. पुढच्याच वर्षी त्याच नावाने डीडीआर४ चं कार्ड बाजारात आलं: १६.८. जवळपास एक तृतीयांश. नावात एक अक्षरही बदललं नाही आणि साठा दोन्हीकडे २ जीबी, म्हणजे आपला लाडका प्रश्न विचारून काहीच कळणार नाही.

आता तिसरा पर्याय, जो दुकानात स्वतःहून कोणी सांगत नाही: कार्डच घेऊ नका. रायझन ५ ५६००जी सारख्या प्रोसेसरच्या पोटातच ग्राफिक्स असतं आणि ते साधी रॅम वापरतं. डीडीआर४-३२०० च्या दोन कांड्या लावल्या की ५१.२ जीबी प्रति सेकंद मिळतात. प्रोसेसरलाही त्यातूनच वाटा द्यावा लागतो हे खरं, तरी डीडीआर३ वालं जीटी ७३० याच्या जवळपासही येत नाही. फक्त कांड्या दोन हव्यात. १६ जीबीची एकच कांडी टाकून दिली तर आकडा निम्मा, २५.६. दुकानदाराला एक कांडी सोपी पडते, म्हणून हे आपण सांगायचं: ‘आठ-आठ की दो लगाओ.’

मग जीटी ७३० इतकं खपतं कसं? इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाअखेर ‘एफ’ असतो त्यांच्यात ग्राफिक्स नसतंच. आय३-१२१००एफ लावला की स्क्रीन दिसायला कार्ड लागतं, मग स्वस्तातलं ७३० आत जातं आणि बिलावर ‘४ जीबी ग्राफिक्स’ झळकतं. त्यापेक्षा ‘एफ’ नसलेला आय३-१२१०० घ्या. त्याच्यात यूएचडी ७३० हे ग्राफिक्स आतच असतं. (हो, इथेही ७३०. कार्डाशी याचं काही नातं नाही. नावं ठेवणाऱ्यांना आकड्यांचा दुष्काळ पडला असावा.)

जीटी ७३० चा खरा उपयोग एकच: जुन्या मशीनला डिस्प्ले मिळत नसेल किंवा ऑफिसात टॅलीसाठी आणखी एक मॉनिटर जोडायचा असेल तर. गेमिंगच्या नावाने ते विकत घेऊ नये.

आरटीएक्स ३०५०: सहा की आठ

मधल्या बजेटमध्ये सगळ्यात जास्त गोंधळ या नावाचा आहे. दुकानात बाप-लेकांचा संवाद साधारण असा चालतो. ‘बाबा, सहावालं पण थ्री-झीरो-फाइव्ह-झीरोच आहे.’ ‘मग दोन जीबीसाठी एवढे पैसे कशाला घालायचे?’ दोघांचंही म्हणणं रास्त वाटतं, पण ते कार्ड एक नाही.

८ जीबीचं कार्ड जानेवारी २०२२ मधलं: २५६० कोअर, १२८ बिट, २२४ जीबी प्रति सेकंद, १३० वॉट. ६ जीबीचं फेब्रुवारी २०२४ मधलं: २३०४ कोअर, ९६ बिट, १६८ जीबी प्रति सेकंद, ७० वॉट. म्हणजे साठ्यासोबत कोअर गेले, लाइन बारीक झाली आणि वीजही निम्म्यावर आली. याला ३०४० म्हटलं असतं तर माझी काहीच तक्रार नव्हती.

असं असूनही काही घरांसाठी मी सहावालंच सुचवतो. मदरबोर्डाचा स्लॉट ७५ वॉटपर्यंत वीज देतो. ७० वॉटच्या या कार्डाला वेगळी वायर लागत नाही. ऑफिसांतून निघालेले जुने ब्रँडेड पीसी शहरात भरपूर विकले जातात. त्यांच्या छोट्या पॉवर सप्लायला आठ पिनांची वायरच नसते, आठवालं कार्ड तिथे चालणारच नाही. सहावालं लावा आणि कामाला लागा. कॅबिनेट बारीक असेल तर अर्ध्या उंचीचं मॉडेल बघा. उलट, नवी असेंब्ली करताय, सप्लाय चांगला घेताय, तर सहावाल्याकडे वळायचं कारण नाही. किमतीतला फरक फारच मोठा असला तरच विचार करा.

याच रांगेत आरएक्स ६५०० एक्सटीही दिसतं. ४ जीबी, ६४ बिट, आणि स्लॉटशी फक्त चार लेननी बोलतं. ते पीसीआयई ४ या नव्या जातीच्या स्लॉटसाठी बनलंय. जुन्या पीसीआयई ३ बोर्डात लावलं की तो रस्ता निम्मा होतो. व्हिडिओ एन्कोडर, म्हणजे व्हिडिओ फाइल झटपट तयार करणारा भागही त्यात नाही. म्हणजे जुनं मशीन सुधारायला निघालेला माणूस आणि एडिटिंग शिकणारा मुलगा, दोघांनाही ते गैरसोयीचं. स्वस्तातली कार्डं शोधतात मात्र नेमके हेच दोघे.

ऑनलाइन मिळणारं ‘आठ जीबी, २५६ बिट’

बिटांचा हिशेब शिकलेला हुशार गिऱ्हाईक इथे अडकतो. आरएक्स ५८०, ८ जीबी, २५६ बिट, कधी न ऐकलेला ब्रँड, आणि किंमत बघून डोळे मोठे. लाइन खरोखरच जाड आहे. पण लांबलचक शीर्षकाच्या शेपटीला ‘२०४८एसपी’ असं लिहिलेलं असतं. २०१७ मध्ये आलेल्या अस्सल ५८० मध्ये २३०४ कोअर होते. २०४८ कोअर होते ते ५७० मध्ये. २०१८ मध्ये चीनच्या बाजारासाठी हे ५७० च्या अंगाचं कार्ड ५८० च्या नावाने काढलं गेलं आणि आता ते फिरत फिरत आपल्याकडे आलंय. त्यातही बरीचशी कार्डं क्रिप्टोच्या खाणीत, म्हणजे डिजिटल चलन कमावायच्या हिशेबात, रात्रंदिवस राबून निघालेली असतात. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या डिजिटल चलनाने कार्डांवरचं खाणकामच बंद केलं तेव्हा अशांची रास पडली. नवा पंखा, नवं खोकं लावलं की ओळखू येत नाहीत.

जुने गेम खेळायचे असतील, विक्रेता परत घेण्याची हमी देत असेल, तर आकड्यांच्या बळावर हे कार्ड ३०५० च्या सहावाल्यासमोर उभं राहू शकतं. पण अ‍ॅनिमेशनवाल्या मुलीसाठी घेऊ नका. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरने २०२१ मध्ये ३.० आवृत्तीपासून ओपनसीएल (अशा कार्डांना कामाला लावायची सोय) काढून टाकलं, तेव्हापासून त्याच्या सायकल्स या भागातल्या रेंडरिंगला या पिढीची कार्डं वापरताच येत नाहीत. मेमरी ८ जीबी असूनही रेंडर प्रोसेसरवरच रेंगाळणार. तिच्यासाठी सहा जीबीचं का होईना, आरटीएक्सच.

सेकंडहँडमध्ये निव्वळ बनावट कार्डंही असतात. २०१० च्या जीटीएस ४५० चं बायोस, म्हणजे कार्डात भरलेला मूळ प्रोग्राम, बदलून त्याला जीटीएक्स १०५० टीआय म्हणवायचं, हा जुना धंदा. अशा ‘१०५० टीआय’वर निळा व्हीजीए पोर्ट दिसला तर हात आखडता घ्या, कारण त्या पिढीपासून एनव्हिडियाने व्हीजीएला लागणारं अ‍ॅनालॉग आउटपुट बंद केलं होतं.

वरच्या किमतीतलं थोडक्यात. आरटीएक्स ३०६० मध्ये १२ जीबीवाल्याचा आकडा ३६० आणि ८ जीबीवाल्याचा २४०, तेव्हा बारावालंच. ४०६० टीआय आणि ५०६० टीआय ही ८ आणि १६ जीबीत मिळतात, आणि इथे मात्र फरक खरोखर फक्त साठ्याचा आहे, चिप आणि लाइन तीच. जड थ्रीडी सीन, घरच्या घरी एआय मॉडेल, किंवा भारी टेक्स्चरचे नवे गेम असतील तर सोळा.

लॅपटॉपमध्ये नाव आणखी फसवं. डेस्कटॉपच्या आरटीएक्स ४०७० ला ५८८८ कोअर आणि १२ जीबी, लॅपटॉपच्या ४०७० ला ४६०८ आणि ८ जीबी. शिवाय ४०६० हे लॅपटॉप कार्ड ३५ ते ११५ वॉटपर्यंत कितीवरही चालवलेलं असतं. कंपनीच्या पानावर वॉट लिहिलेले नसतील तर ते मॉडेल सोडा.

मोठी कार्डं घेणारे ओरडतात म्हणून त्यांच्याशी जरा जपून वागलं जातं. २०१४ च्या जीटीएक्स ९७० मध्ये चारपैकी शेवटचा अर्धा जीबी संथ निघाला, तर अमेरिकेत दाव्याच्या तडजोडीत एनव्हिडियाला कार्डामागे ३० डॉलर द्यावे लागले. २०२२ मध्ये ४०८० च्या नावाने १२ जीबीचं वेगळंच, कमी कोअरचं कार्ड जाहीर झालं. ओरड इतकी झाली की ते मागे घेऊन पुढे ४०७० टीआय म्हणून आणावं लागलं. जीटी १०३० चं डीडीआर४ कार्ड तसंच विकलं गेलं. ते घेणाऱ्याला कळलंच नव्हतं की ओरडण्यासारखं काही झालंय.

कार्ड ठरलं की सप्लायकडे बघा. कॅबिनेटसोबत फुकट येणाऱ्या एसएमपीएसवर, म्हणजे पॉवर सप्लायवर, मोठ्या अक्षरांत ४५० वॉट असतं. खालच्या तक्त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात समजा १६ अँपिअर लिहिलंय. १६ गुणिले १२, म्हणजे १९२ वॉट. कार्ड आणि प्रोसेसर दोघंही मुख्यतः याच १२ व्होल्टवर जगतात. १७० वॉटचं ३०६० याच्यावर टाकलं की गेम सुरू होताच मशीन बंद पडेल आणि दोष कार्डाला लागेल.

पैसे देण्याआधी दुकानातच मशीन चालू करून घ्या आणि जीपीयू-झेड हे फुकटचं सॉफ्टवेअर उघडायला सांगा. कोअर, बसचे (म्हणजे लाइनीचे) बिट, मेमरीची जात, बँडविड्थ (आपला जीबी प्रति सेकंदाचा आकडा), सगळं एकाच खिडकीत दिसतं, आणि बनावट एनव्हिडिया कार्ड बरेचदा तिथेच ‘फेक’ म्हणून पकडलं जातं. ‘टाइम नहीं है, घर जा के देख लेना’ म्हणाले तर समोरच्या दुकानात जा, सिल्व्हर मॉलमध्ये दुकानांना तोटा नाही.

बिल पक्कं घ्या. १८ टक्के जीएसटी वाचवायचा मोह होतो, पण कच्च्या चिठ्ठीवर वॉरंटीचं भांडण लढता येत नाही. बिलावर ‘ग्राफिक्स कार्ड ४ जीबी’ एवढंच लिहू देऊ नका. पूर्ण मॉडेल, मेमरीची जात, बिट आणि सीरियल नंबर लिहून मागा. सांगितलेलं एक आणि निघालं दुसरं असं झालं, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन लावताना हाच कागद समोर ठेवावा लागतो.