कापलेली आरएक्स १००: घ्यायची की सोडायची?

विदर्भातल्या खेड्यांत विकायला निघालेली आरएक्स १००, म्हणजे यामाहाची जुनी टू-स्ट्रोक मोटरसायकल, जशीच्या तशी क्वचितच सापडते. हँडल पाडलेलं, मागचं मडगार्ड गायब, सीट फळीसारखी आणि सायलेन्सरचा आवाज असा की पोळ्याचे बैल बुजावेत. तरी नुसत्या रूपावरून नाक मुरडू नका. जे पान्याने लागलं ते पान्याने निघतं. ग्राइंडरने गेलं ते गेलं.

म्हणून पहिल्यांदा सीट काढा. खाली चेसिसच्या दोन्ही नळ्या मागच्या मडगार्डापर्यंत सलग जायला हव्यात. कॅफे रेसरच्या (पाडलेलं हँडल, आखूड शेपूट अशा रेसिंग रूपाच्या) नादात त्या मध्येच कापून वाकवलेला पाइप जोडतात. वेल्डिंग गुठळ्या-गुठळ्यांचं असेल, वरून पुट्टी आणि काळा रंग मारला असेल, तर तिथेच थांबा. डबलसीट बसून पांदणीतून गेलं की नळी त्याच जोडापाशी तडकते.

मग हँडलखालच्या नळीवरचा चेसिस नंबर आणि इंजिनावरचा नंबर चिंधीने पुसून आरसी बुकाशी जुळवा. दोन्ही १एल१ ने सुरू व्हायला हवेत. आकडे वाकडेतिकडे ठोकलेले किंवा आजूबाजूचा पत्रा घासलेला असेल, तर भाव कितीही पडला तरी हात लावू नका.

खरा पैसा इंजिनात जातो. मूळ बोअर (सिलिंडरचा व्यास) ५० मिमी, स्ट्रोकही (पिस्टनची धाव) ५०, म्हणजे ९८ सीसी. हेड उघडायची परवानगी मागा. विकणारा आढेवेढे घेत असेल तर तेच उत्तर समजा. ब्लॉक (सिलिंडर) बोर करून मोठा पिस्टन टाकला असेल तर त्याच्या डोक्यावर २५, ५०, ७५ किंवा १०० असा वाढीव साइज असतो, मिमीच्या शंभराव्या भागात. १०० दिसला म्हणजे ब्लॉक १ मिमी बोर झालाय, पुढच्या वेळी स्लीव्ह (आतली नवी नळी) टाकावी लागेल. बोअरला लावलेला व्हर्नियर (मोजायची पट्टी) ५८ मिमी दाखवत असेल तर वर आरएक्स १३५ चा ब्लॉक चढवलाय. तो बसवायला क्रँककेसचं (इंजिनाच्या खालच्या खोक्याचं) तोंड घासावं लागतं, म्हणजे मूळ ब्लॉक परत बसवायची वाट जवळपास बंद. सायलेन्सर सोडून पोर्टमध्ये (ब्लॉकमधली धूर जायची खिडकी) टॉर्च मारा. कानशीचे ओरखडे दिसले तर पोर्टिंग घरगुती आहे: वरच्या आरपीएमला पळेल, खाली दम नाही, आणि रिंग खिडकीत अडकून तुटायची भीती.

एअर फिल्टरच्या डब्याच्या जागी उघडा कोन फिल्टर असेल तर जास्त सावध राहा. काळ्या मातीची धूळ थेट कार्ब्युरेटरमधून आत जाते आणि पिस्टन-ब्लॉकला सँडपेपरसारखी घासते. डबा काढून जेट (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल सोडणारं भोक) न बदलल्याने पेट्रोल-हवेचं मिश्रणही पातळ होतं. मे महिन्याच्या उन्हात लांब पळवली की पिस्टन जाम. इंजिन गरम झाल्यावर रेस देऊन सोडा. आवाज लगेच खाली न येता तरंगत राहिला तर मॅग्नेटोकडचं (वीज तयार करणाऱ्या भागाकडचं) ऑइल सील किंवा कार्ब्युरेटरचा जोड हवा ओढतोय. पांढरा धूर थांबतच नसेल आणि गिअर ऑइल घटत असेल, तर क्लचकडचं सील गेलंय. सील स्वस्त, पण ती बदलायला कारागीर नीट हवा.

टूटी पंप (इंजिनात आपोआप तेल सोडणारा) काढून टाकला असेल तर पेट्रोलमध्ये हाताने तेल घालावं लागेल, लिटरला साधारण ३० ते ४० मिली. एकदा विसरलात तरी इंजिन बसतं. पंप परत बसवता येतो, फक्त त्याचा गिअर शाबूत आहे का पाहा.

अलॉय, डिस्कवाला पुढचा काटा, एलईडी वगैरे किरकोळ गोष्टी. मूळ टायर पुढे २.५०-१८, मागे २.७५-१८. भलता रुंद टायर दिसला तर चेन आणि स्विंग आर्म (मागचं चाक धरणारा दांडा) घासतंय का तेवढं पाहा.

कागदांत पुनर्नोंदणी चालू आहे का ते बघा. संपली असेल तर ती कर्कश पाइप आणि कापलेलं मडगार्ड घेऊन आरटीओत पास होणार नाही. परवानगीशिवाय केलेल्या प्रत्येक बदलाला मोटार वाहन कायद्यात ५००० रुपये दंड आहे, आणि तो चालू मालकालाच बसतो.

चेसिस अखंड, नंबर खरे आणि ब्लॉक ५० च्या आसपास असेल तर बाकी सगळा खेळ सुट्या भागांचा. भाव मूळ गाडीच्या निम्म्यावर आणा, आणि पैसे देण्याआधी एक मागा: काढलेल्या जुन्या सामानाचं पोतं. मूळ सायलेन्सर, एअर फिल्टरचा डबा, साइड पॅनेल बहुतेक वेळा कोठ्यात ढेपेच्या पोत्यांमागे पडलेलं असतं.