स्मार्ट स्पीकरचा वर्षभराचा अनुभव: आधी ॲपमधला ‘इतिहास’ उघडून बघा

गाणी कशी वाजतात, माइक किती लांबून ऐकतो, दिवे-पंखे कसे जोडायचे, हे सगळं तुम्ही दहा ठिकाणी वाचलं असेल. त्यात मी भर घालत नाही. आवाज ठीक, बास जरा जास्तच, वायफाय गेलं की नुसता ठोकळा. टायमर मात्र झकास. हात ओले असताना नुसतं बोलून टायमर लावता येणं ही चैन आहे, आणि आमच्या घरी निम्मा वापर त्यासाठीच होतो. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण नाव घेतलं की चर्चा ब्रँडवर जाते आणि मला जे म्हणायचंय ते थोड्याफार फरकाने सगळ्यांनाच लागू आहे.

मला बोलायचंय ते ॲपमधल्या एका पानाबद्दल. सेटिंग्ज, मग खातं, मग प्रायव्हसी, मग इतिहास, असं चार जिने उतरून जावं लागतं. तिथे तारीख आणि वेळ असते, तुम्ही काय बोललात ते अक्षरांत लिहिलेलं असतं आणि शेजारी एक त्रिकोणी बटण असतं. ते दाबलं की तुमचाच आवाज ऐकू येतो. स्पीकर विकत घेणाऱ्या किती जणांनी हे बटण कधी दाबलं असेल? मी तरी पहिले कित्येक महिने त्या पानाकडे फिरकले नव्हते.

एक गैरसमज आधी दूर करते, कारण आमच्या ओळखीतले निम्मे लोक तोच धरून बसलेत. हे यंत्र चोवीस तास घरातलं सगळं बोलणं कंपनीकडे पाठवत नाही. हाक मारायचा शब्द ओळखायचं काम यंत्रातच होतं. त्यासाठी शेवटचे काही क्षण ते स्वतःजवळ ठेवतं आणि त्यावर पुढचं लिहीत जातं. हाक ऐकू आली की दिवा लागतो आणि त्यापुढचं बोलणं, हाकेच्या जरा आधीच्या तुकड्यासकट, सर्व्हरवर जातं. इथवर माझी काही तक्रार नाही.

गोची होते ती न मारलेली हाक ऐकू आल्यामुळे. जर्मनीत बोखुमच्या विद्यापीठातल्या आणि माक्स प्लांक संस्थेतल्या संशोधकांनी २०२० मध्ये असे हजाराहून जास्त चकवे शोधून काढले. ‘इलेक्शन’ म्हटलं की ॲमेझॉनची ॲलेक्सा उठते, ‘ओके, कूल’ म्हटलं की गूगलचा सहायक, ‘अ सिटी’ म्हटलं की ॲपलची सिरी. त्याच वर्षी नॉर्थईस्टर्न विद्यापीठ आणि लंडनचं इम्पीरियल कॉलेज यांच्या संशोधकांनी अशा स्पीकरांसमोर शंभराहून जास्त तास टीव्ही मालिका चालवून ठेवल्या. कोणतं यंत्र आहे त्यानुसार दिवसाला सरासरी दीड ते १९ वेळा ते हाक न मारता जागं झालं. तेही इंग्रजी मालिकांवर. आमच्या घरात तीन भाषांची खिचडी बोलली जाते, शिवाय सगळ्यांचाच आवाज वरच्या पट्टीत.

तर, पहिल्या काही महिन्यांत मी हा अनुभव लिहिला असता तर चार तारे दिले असते. माणसं आपली रेकॉर्डिंग ऐकतात हे मला माहीत होतं. २०१९ च्या एप्रिलमध्ये ब्लूमबर्ग वृत्तसंस्थेने ती बातमी दिली होती. ॲलेक्साची रेकॉर्डिंग ऐकून ती लिहून काढायला ॲमेझॉनने जगभर हजारो माणसं ठेवली होती. नऊ तासांची पाळी, आणि एका पाळीत एकेक जण हजारापर्यंत तुकडे तपासायचा. त्यांना ग्राहकाचं पूर्ण नाव आणि पत्ता दिसत नसे. पहिलं नाव, खात्याचा क्रमांक आणि यंत्राचा क्रमांक मात्र दिसे. जुलैमध्ये बेल्जियमच्या व्हीआरटी वाहिनीच्या हाती गूगलची हजारावर रेकॉर्डिंग लागली. त्यातल्या १५३ तुकड्यांत हाक मारलेलीच नव्हती. काहींत लोकांनी आपला पत्ताच बोलून टाकला होता. त्याच महिन्यात ब्रिटनच्या गार्डियन वृत्तपत्राने सिरीबद्दल लिहिलं. तपासणाऱ्यांच्या कानावर डॉक्टर आणि पेशंटचं बोलणं पडत होतं, शय्यागृहातलंही. ॲपलने ते काम थांबवलं, माफी मागितली आणि पुढे ‘तुम्ही हो म्हणालात तरच’ असा नियम केला.

तरीही मी निर्धास्त होते, कारण आकडे बघितले होते. गूगल म्हणालं होतं ०.२ टक्के तुकडे तपासले जातात, ॲपल म्हणालं होतं एक टक्क्याहूनही कमी. एवढ्या गर्दीत माझं बोलणं कुणाच्या वाट्याला येणार! आणि आलंच, तर सातासमुद्रापार बसलेल्या एखाद्या कंटाळलेल्या माणसाला माझ्या घरात काय रस असणार? ऐकेल आणि पुढच्या तुकड्यावर जाईल.

मग ते नोकरीचं प्रकरण झालं.

मी राजीनामा द्यायच्या विचारात होते. नक्की काही ठरलं नव्हतं, म्हणून घरात बोलले नव्हते. फक्त ताईशी, फोनवर, तोही स्पीकरवर टाकून, कारण हातात काम होतं. मध्ये कुठल्या तरी शब्दाला यंत्र जागं झालं असणार. माझी तिकडे पाठ होती, दिवा दिसला नाही. काही दिवसांनी नवरा आधी लावलेलं एक गाणं शोधायला ॲपच्या इतिहासात गेला (खातं त्याच्या फोनवर होतं) आणि त्याला एक ओळ दिसली: ‘राजा नामदेवाचं माझ्या डोक्यात आहे’. हा कोण राजा नामदेव म्हणून त्याने गंमत म्हणून बटण दाबलं.

मी म्हणाले होते, ‘राजीनामा द्यायचं माझ्या डोक्यात आहे.’ पुढे ताईचं उत्तर, दोन-तीन वाक्यं, स्वच्छ ऐकू येणारी.

“नोकरी सोडतेयस? मला कधी सांगणार होतीस?” एवढंच विचारलं त्याने. भांडण झालं नाही, उलट बोलायचं होतं ते बोलून झालं. ताई मात्र भडकली. “माझं बोलणं तुमच्या घरात रेकॉर्ड होतं हे मला कुणी सांगितलं होतं?” यावर मी काय उत्तर देणार? तिने कुठल्या अटी वाचल्या नाहीत, कुठे ‘मान्य आहे’ दाबलं नाही, तिच्याकडे हे यंत्रही नाही. आता प्रत्येक फोनची सुरुवात “ते तुमचं डबडं बंद आहे ना?” अशी होते.

त्या एका तुकड्यावरून दोन गोष्टी लक्षात आल्या. पहिली, यंत्राला राजा नामदेव ऐकू आला आणि माणसाला एका फटक्यात राजीनामा कळला. कंपन्यांना ऐकणारी माणसं का लागतात ते मला कुठल्याही बातमीपेक्षा यातून जास्त नीट समजलं. जे यंत्राला कळत नाही ते कुणीतरी कानाने ऐकून दुरुस्त केल्याशिवाय ते सुधारणार कसं? म्हणजे कामाचा तुकडा कोणता, तर नेमका असा गडबडलेला. ‘वीस मिनिटांचा टायमर’ त्याला कधीचाच कळतो.

दुसरी गोष्ट मला जास्त झोंबली. परदेशातल्या अनोळखी माणसाची चर्चा सगळीकडे होते, पण ज्याच्या नावावर खातं आहे तो घरातला माणूस सगळ्यांचं सगळं ऐकू शकतो, याबद्दल खोक्यावर एक अक्षर नाही. माहितीपत्रकात नाही, सुरुवातीच्या जोडणीतही नाही. अनोळखी माणसाला माझ्या राजीनाम्याचं काही नव्हतं. ज्याला होतं त्याच्याच फोनवर राजीनामा जाऊन बसला. सासूबाई स्पीकरशी काय बोलतात, लेक खोलीचं दार लावून त्याला काय काय विचारते, घरी आलेली मैत्रीण काय म्हणाली, सगळं एका यादीत वेळेनुसार लावलेलं. आमच्या घरात कुणी कुणावर पाळत ठेवत नाही म्हणून निभावलं. जिथे ठेवतात तिथे हे पान काय करत असेल?

रेकॉर्डिंग भलत्याच हातात जाणं हे काही आमचंच नवल नाही. २०१८ मध्ये अमेरिकेत पोर्टलंडच्या एका जोडप्याचं घरातलं बोलणं त्यांच्या एकोने (ॲमेझॉनचा ॲलेक्सावाला स्पीकर) परस्पर एका ओळखीच्या माणसाला पाठवून दिलं होतं. ॲमेझॉनचा खुलासा असा की यंत्राला आधी हाक ऐकू आल्यासारखी वाटली, मग ‘मेसेज पाठव’, मग नाव, मग होकार. चार वेळा ओळीने चुकीचं ऐकलं! त्याच वर्षी जर्मनीत एका ग्राहकाने ॲमेझॉनकडे आपली माहिती मागितली, तर त्याला दुसऱ्याच कुणाची तरी सुमारे १,७०० रेकॉर्डिंग आली. मागणाऱ्याकडे ॲलेक्साचं यंत्रच नव्हतं. एका मासिकाने त्या तुकड्यांवरून तो दुसरा माणूस शोधूनही काढला.

मी ग्राहक सेवेशी चॅटवर भांडले. प्रश्न साधा होता: घरातल्या दुसऱ्या माणसाचे तुकडे खातेदाराला दिसणार नाहीत अशी सोय आहे का? पहिलं उत्तर, यंत्र बंद करून पुन्हा चालू करा. दुसरं, ॲप अपडेट करा. तिसरं, फॅक्टरी रीसेट. मी लिहिलं की यंत्र बिघडलेलं नाही, चांगलं चालतंय म्हणूनच तक्रार आहे. त्यावर ‘तुमची गैरसोय झाल्याबद्दल आम्ही दिलगीर आहोत’ आणि पुन्हा फॅक्टरी रीसेटची लिंक. शेवटी वरच्या कुणाकडे तरी दिलं. त्या बाई शहाण्या होत्या. त्यांनी सरळ सांगितलं की अशी सोय नाही. रेकॉर्डिंग साठवायचंच नाही असा पर्याय आहे, तो लावा, पण मग आवाजावरून माणूस ओळखायची सुविधा जाईल. म्हणजे मी कोण हे यंत्राला कळायला हवं असेल, तर माझा आवाज नवऱ्याच्या यादीत जाणार.

‘न साठवणे’ लावलं. एक तारा परत. पण हे लावल्याने आवाज सर्व्हरवर जायचा थांबत नाही, काम झाल्यावर तो पुसला जातो इतकंच. ॲमेझॉनने काही मोजक्या एको यंत्रांवर आवाज बाहेर पाठवायचाच नाही असा पर्याय दिला होता, तोही २०२५ च्या मार्चमध्ये काढून घेतला.

आणखी एक बघून घ्या. आवाज पुसला की अक्षरं पुसली जातात का? मी हे लेकीसाठी शोधत होते, कारण तिच्या नोंदी सगळ्यांत जास्त. मुलांच्या रेकॉर्डिंगवरून फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकांचं हित बघणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेने ॲमेझॉनला घेरलं होतं. आरोप असा की मुलांचे आवाज वर्षानुवर्षं ठेवले आणि पालकांनी पुसायला सांगितल्यावरही लिखित नोंदी उरल्या. २०२३ मध्ये अडीच कोटी डॉलर दंडावर मिटलं, आरोप मान्य नसल्याचं सांगत. सिरी हाक न मारताच बोलणं रेकॉर्ड करते या दाव्यात ॲपलनेही चूक कबूल न करता साडेनऊ कोटी डॉलर द्यायची तयारी २०२५ च्या जानेवारीत दाखवली. ऐकायला रक्कम मोठी, पण ग्राहकाच्या हातात एका यंत्रामागे जास्तीत जास्त २० डॉलर. एवढ्यात ताईचा राग तरी निघेल का?

फेकून का देत नाही, असं ताई विचारते. पैसे मोजून घेतलेली, न बिघडलेली वस्तू फेकणं माझ्याच्याने होत नाही. विकावा म्हटलं तर त्याआधी इतिहास हाताने पुसावा लागतो. नुसतं रीसेट केलं तर यंत्र कोरं होतं, सर्व्हरवरच्या नोंदी तिथेच राहतात. हे फॅक्टरी रीसेटवाल्यांनी मला एकदाही सांगितलं नाही.

यंत्रावरचं माइक बंद करायचं बटण ही त्यातली सगळ्यांत प्रामाणिक गोष्ट आहे. दाबलं की लाल दिवा, आणि मग घसा फोडून ओरडलात तरी ढिम्म. आमचा आता बराच वेळ लालच असतो. अर्थात टायमरसाठी उठून बटण दाबायचं, बोलायचं, पुन्हा दाबायचं, यापेक्षा साधा चावीचा टायमर बरा, आणि तो मी आणलाही. स्पीकर गाणी वाजवतो, तीही फोनवरून ब्लूटूथने. या कामासाठी हा फार महाग पडला.

तारे अडीच. एकटे राहत असाल तर खुशाल साडेतीन धरा. घरात माणसं असतील तर खातं कुणाच्या फोनवर उघडायचं ते जोडणीच्या आधी ठरवा. आमचं आता माझ्या फोनवर आहे. साठवणं बंद केलंय असं मी नवऱ्याला सांगितलंय, तरी परवा त्याने माझा फोन मागून घेतला आणि स्वतः चार जिने उतरून खात्री करून आला.