सेकंडहँड लॅपटॉप घेताय? पैसे द्यायच्या आधी समोर रीसेट मारायला लावा

हे मुद्दाम लिहितोय कारण दुसऱ्याच कंपनीच्या नावावर नोंदलेला लॅपटॉप खपवायची ही फसवणूक लॅपटॉप हातात घेऊन, उलटासुलटा करून, चालवून बघितला तरी कळत नाही. स्क्रॅच, की-बोर्ड, बिजागऱ्या, चार्जिंग पिन हे सगळेच बघतात आणि विकणाऱ्याला पक्कं माहीत असतं की लोक तेवढंच बघणार.

मला प्रवासात न्यायला छोटा, हलका, साडेबारा इंची लॅपटॉप हवा होता. मिळाला तो आठव्या जनरेशनचा आय-फाइव्ह, 8 जीबी रॅम, 256 जीबी एसएसडी. आठवी जनरेशन अशासाठी की एखाददुसरा अपवाद सोडला तर इंटेलमध्ये विंडोज 11 अधिकृतपणे तिथून पुढेच चालतं, आणि विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. सहाव्या-सातव्या जनरेशनच्या मशीनवर जुगाड करून 11 टाकून खपवणारे पण आहेत, पण तो वेगळाच विषय आहे.

तर लॅपटॉप बघितला, चालू होता, विंडोज एकदम कोरं, डेस्कटॉपवर फक्त रिसायकल बिन. रीसेट करून दाखवा म्हणलं तर विकणारा म्हणतो, "कशाला साहेब, कालच फ्रेश टाकलंय, परत रीसेट केलं तर ड्रायव्हर उडतील, उगाच वेळ जाईल." बिल दिलं, थोड्या दिवसांची वॉरंटी पण लिहून दिली. आणि खरं सांगतो मशीन मस्त चालत होतं, नेट, व्हिडिओ, टायपिंग, काहीच तक्रार नाही. फक्त बॅटरी लवकर उतरायची. कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी, स्पेस, स्लॅश बॅटरीरिपोर्ट असं इंग्रजीत टाकलं की रिपोर्टची फाइल तयार होते, त्यात डिझाइन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी शेजारी शेजारी दिसते, माझी फुल चार्ज कपॅसिटी डिझाइनच्या निम्म्याच्याही खाली होती. बघायला गेलो तेव्हा चार्जर लावूनच ठेवला होता त्याने, आता कळतंय का ते. पण बॅटरी बदलता येते, म्हणून सोडून दिलं.

पुढे काही महिन्यांनी एसएसडी रखडायला लागली, डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फो सॉफ्टवेअरमध्ये हेल्थ पिवळी दिसायला लागली, म्हणून नवी कोरी एसएसडी आणून बसवली आणि पेन ड्राइव्हवरून विंडोज टाकलं. सेटअपमध्ये वायफाय जोडलं, जरा वेळ फिरलं, आणि समोर एका अनोळखी कंपनीचं नाव, लोगो, स्वागत आहे, आणि खाली ऑफिसचा ईमेल आणि पासवर्ड टाका. मला वाटलं पेन ड्राइव्हमध्येच काहीतरी घोळ आहे. दुसरा बनवला तरी तेच. डिस्क नवी, विंडोज नवं, मग ही कंपनी आली कुठून?

तर याला विंडोज ऑटोपायलट म्हणतात. मोठ्या कंपन्या लॅपटॉपच्या हार्डवेअरची ओळख मायक्रोसॉफ्टकडे स्वतःच्या नावावर नोंदवून ठेवतात. सेटअपच्या वेळी नेट मिळालं की विंडोज आधी मायक्रोसॉफ्टला विचारतं हे मशीन कुणाचं, आणि नोंद सापडली की थेट त्या कंपनीचं लॉगिन समोर. डिस्क बदला नाहीतर फॉरमॅट मारा, नोंद डिस्कवर नाहीच ना. नेट न जोडता लोकल अकाउंटने सेटअप केला तर मात्र हे पान येतच नाही, नंतर नेट लावा, आरामात चालतं. माझ्या लॅपटॉपवर तेच करून ठेवलं होतं.

विकणाऱ्याला फोन केला. आधी म्हणे तुम्ही मशीन उघडलंत, वॉरंटी गेली. मग मी स्क्रीनचा फोटो पाठवला तर एका मिनिटात उत्तर, "नेट न लावता सेटअप करा, चालतंय." अरे म्हणजे तुला आधीपासून माहीतच होतं की! त्यानंतर फोन उचलणं बंद.

त्या कंपनीला पण मेल केला. त्यांनी सिरियल नंबर मागितला, मी खालच्या स्टिकरवरचा दिला तर म्हणे असा नंबर आमच्याकडे नाही. मग बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारी मशीनची स्वतःची सेटिंग) जाऊन बघितलं तर तिथे वेगळाच नंबर, म्हणजे खालचं कव्हर कुठल्यातरी दुसऱ्या मशीनचं बसवलेलं. बायोसमधला कळवल्यावर उत्तर आलं की हा लॅपटॉप आमच्या यादीत अजून आहे, चौकशी करून कळवतो. अजून तरी कळवलेलं नाही.

त्यामुळे जे घ्यायच्या विचारात आहेत त्यांनी पैसे द्यायच्या आधी स्वतःच्या मोबाइलचा हॉटस्पॉट लावून समोर पूर्ण रीसेट करून घ्या, अगदी अकाउंट विचारेपर्यंत. वेळ जातो, जाऊदे. कुणाच्या ऑफिसचं नाव आलं की लॅपटॉप खाली ठेवायचा आणि निघायचं. रीसेटच करू देत नसेल तरी निघायचं. त्याच वेळी बायोस उघडून पासवर्ड मागतो का बघा आणि तिथला सिरियल स्टिकरशी जुळवा. शाळा-ऑफिसातून आलेल्या क्रोमबुकला पण हीच भानगड असते, पॉवरवॉश (म्हणजे त्याचं फॅक्टरी रीसेट) केलं तरी परत संस्थेचं लॉगिन येतं.

माझ्या लॅपटॉपवर सध्या विंडोजऐवजी लिनक्स टाकलंय, ते ऑटोपायलटला विचारत नाही, बायोसला पासवर्ड नव्हता म्हणून निदान तेवढं जमलं. मध्ये 'परमनंट अनलॉक' करून देणारे पण भेटले. नक्की काय करणार म्हणून खोदून विचारलं तर नेट न लावता सेटअप! म्हणजे विकणाऱ्याने फुकटात केलेलं तेच काम, आता वर पैसे घेऊन. खरं अनलॉक त्या कंपनीचा ॲडमिनच करू शकतो, नोंद काढून. नाहीतर मदरबोर्ड बदला, आणि असल्या छोट्या लॅपटॉपमध्ये प्रोसेसर आणि बऱ्याचदा रॅमसुद्धा बोर्डावरच सोल्डर केलेली असते, म्हणजे जवळपास दुसरा लॅपटॉपच घेतल्यासारखं.