मसुदा आधी की रुग्ण आधी? आरोग्य संस्थेच्या संकेतस्थळाची धोरणे ठरवण्याच्या दोन रीती

मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठी काम करणाऱ्या कोल्हापुरातील एका लहान धर्मादाय संस्थेचे सचिवपद मी काही वर्षे सांभाळतो आहे. या काळात आमच्या संकेतस्थळाची धोरणे दोनदा लिहिली गेली. दोन्ही वेळा रुग्ण-स्वयंसेवकांचा सहभाग होता, पण तो घेण्याची रीत दोन्ही वेळा अगदी निराळी होती. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये मंजूर झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि संस्थांवरील मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. त्यामुळे गोपनीयतेची जुनी पाने बाहेर काढून तपासण्याचे काम सध्या अनेक संस्थांपुढे आहे. रुग्णांना विचारावे की नाही, याविषयी वाद उरलेला नाही असे मी धरून चालतो. त्यांना केव्हा आणि कशा प्रकारे विचारावे, एवढ्यापुरतेच हे लिखाण आहे.

पहिली रीत बहुतेकांच्या परिचयाची आहे. वकिलांकडून मसुदा करून घ्यायचा, त्याच्या प्रती सोप्या प्रश्नावलीसह डायलिसिस केंद्रांत वाटायच्या, व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावरही टाकायच्या आणि आलेली मते जमतील तशी मसुद्यात सामावून घ्यायची. दुसऱ्या रीतीत मसुदा हातात नसतानाच सहा-सात रुग्ण आणि एक-दोन नातेवाईक यांचा कायमस्वरूपी गट बसवायचा, त्यांच्या बोलण्यातून मुद्दे काढायचे आणि वकिलांनी शेवटी त्या मुद्द्यांना कायद्याची भाषा द्यायची. एखाद्या रुग्णाला विश्वस्त मंडळावर घ्यावे आणि त्यालाच सर्वांचा प्रतिनिधी मानावे, अशी तिसरी वाटही काही संस्था निवडतात. पण एकटा माणूस वर्षभरात विश्वस्तांच्याच भाषेत बोलू लागतो असे मी पाहिले आहे, म्हणून ती वाट येथे बाजूला ठेवतो.

पहिल्या रीतीचे गुण खरे आहेत आणि ते मान्य केलेच पाहिजेत. आमचे काम तिच्यामुळे तीन आठवड्यांत आटोपले. शहरातल्या रुग्णांबरोबर चंदगड आणि गगनबावड्याकडच्या रुग्णांपर्यंतही कागद पोहोचला. डायलिसिसवरील माणसाचे आठवड्याचे दोन-तीन दिवस, प्रत्येक वेळी चार-चार तास यंत्रालाच जातात. उरलेल्या दिवसांतला एक दिवस बैठकीसाठी मागणे म्हणजे त्याच्या हातात जे थोडे आहे त्यातलेच काढून घेणे होय. प्रश्नावली तेवढे मागत नाही. अक्षराचा आकार पुरेसा आहे का, मराठी कळते का, दूरध्वनी क्रमांक लगेच सापडतो का, अशा गोष्टींसाठी पुष्कळ लोकांची थोडी-थोडी मते उपयोगी पडतात आणि तेथे मी आजही प्रश्नावलीच वापरीन.

आम्हाला मिळालेली उत्तरे मात्र वाचण्यासारखी होती. चाळीसेक कागद परत आले आणि जवळजवळ प्रत्येकावर एकच मजकूर होता: "छान आहे." काहींनी "सर, खूप छान आहे" असे लिहिले होते. एका गृहस्थांनी बाराही प्रश्नांसमोर "योग्य" असे लिहून खाली संस्थेला दीर्घायुष्य चिंतले होते. गटावर हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. त्या वेळी आम्ही हे कागद समाधानाने दप्तरी लावले आणि विश्वस्तांच्या सभेत "रुग्णांची सहमती मिळाली" अशी नोंदही केली. ती नोंद माझ्याच हस्ताक्षरात आहे.

त्या मसुद्यात एक कलम असे होते की, रुग्णांची छायाचित्रे व माहिती संस्थेच्या कार्याच्या प्रसिद्धीसाठी वापरली जातील आणि ज्यांना ते नको असेल त्यांनी लेखी कळवावे. कागलकडच्या एका बाईंचे यंत्राशेजारचे छायाचित्र त्या आधारावर देणगीच्या आवाहनासोबत झळकले. काही महिन्यांनी त्यांच्या मुलीसाठी स्थळे पाहणे सुरू झाले तेव्हा समोरच्या मंडळींनी ते छायाचित्र मोबाइलवर दाखवून "हे घराण्यात आहे का?" असे विचारले. बाईंनी आमच्याकडे तक्रार केली नाही. मला ते तिसऱ्याच माणसाकडून कळले. छायाचित्र काढून टाकून मी त्यांना भेटायला गेलो आणि कागदावर "छान आहे" असे का लिहिले, असे जरा अजाणतेपणानेच विचारून बसलो. त्यांचे उत्तर असे होते: "तुम्ही माझ्या उपचाराची सोय केलासा, मग आन् मी नको कसं म्हणायचं? गप बसलो."

प्रश्नावलीत दोष होता असे म्हणून हे प्रकरण मिटवता आले असते. परंतु प्रश्न कितीही नीट विचारला तरी तो विचारणारा हात आणि मदत देणारा हात एकच असेल, तर आपल्याकडे उत्तर ठरलेलेच असते. आपल्या माणसाला तोंडावर नाही म्हणणे हा आपल्याकडे उद्धटपणा समजला जातो, आणि ज्याने उपकार केले त्याच्या कागदावर लाल शाई फिरवणे तर त्याहून अवघड आहे. मला त्रास झाला तो याचाच. माहिती न मिळणे परवडते, कारण ती मिळाली नाही हे निदान आपल्याला ठाऊक असते. येथे मिळाल्याचा भास झाला आणि त्या भासावर आम्ही सही-शिक्का केला.

दुसऱ्या वेळी म्हणून गट बसवला. पहिल्या बैठकीत मसुदा नव्हता, "आपल्याविषयी संकेतस्थळावर काय आलेले तुम्हाला आवडणार नाही?" एवढाच प्रश्न होता. पहिल्या बैठकीतही दोघे-तिघे "छान चालले आहे" असेच म्हणाले, हे नमूद करायला हवे. दुसऱ्या बैठकीत मात्र एका तरुण रुग्णाने छायाचित्राच्या कलमाला हात घातला. त्याचे म्हणणे असे की, संमती कोणत्या शब्दांत घेता यापेक्षा ती कोठे घेता हे पाहा. यंत्र लावलेले असताना कोणी कागद पुढे केला तर आम्हाला उठून जाता येत नाही. कायद्यात संमती मुक्त, विशिष्ट आणि बिनशर्त असावी असे म्हटले आहे, हे वकिलांना आणि मलाही माहीत होते. हातात सुया असलेल्या माणसाची संमती मुक्त असते का, हा प्रश्न मात्र आमच्यापैकी एकालाही पडला नव्हता. आता डायलिसिसच्या दिवशी संमती घ्यायची नाही, मदतीचा अर्ज तपासणाऱ्याने ती मागायची नाही आणि प्रत्येक छायाचित्रासाठी ती वेगळी घ्यायची, असे आमच्या धोरणातच लिहिलेले आहे. संमती मागे घेण्यासाठी लेखी अर्जाची अटही गेली. ती देणे जितके सोपे तितकेच मागे घेणेही सोपे असावे, असे कायदाच सांगतो, आणि गटातल्या एका आजींच्या मते व्हॉट्सअ‍ॅपवर बोलून पाठवलेला निरोप याहून सोपे काही नाही.

दुसरा लाभ अनपेक्षित होता. मुतखड्याविषयीच्या आमच्या एका पानावर भरपूर पाणी प्यावे असे लिहिले होते आणि ते चुकीचे नव्हते. पण डायलिसिसवरील एका रुग्णाच्या सुनेने ते वाचून सासऱ्यांना तांब्याने पाणी द्यायला सुरुवात केली, वर शहाळेही. त्या रुग्णांना पाणी मोजून प्यावे लागते आणि शहाळ्यातले पोटॅशियम त्यांना घातक ठरू शकते. आमच्या डॉक्टरांनी ते पान तपासलेले होते. ते कोणाच्या हाती पडेल याचा विचार तपासणीत नव्हता. गटाच्या सांगण्यावरून आता प्रत्येक पानाच्या माथ्यावर ही माहिती कोणत्या रुग्णासाठी आहे आणि कोणासाठी नाही, हे मजकुराच्या आधी येते. तपासणाऱ्या डॉक्टरांचे नाव आणि तारीख त्याखाली. वैद्यकीय मजकूर बरोबर की चूक, हे गटाने ठरवायचे नाही, ही मर्यादा आम्ही पहिल्याच दिवशी सांगितली होती आणि ती पाळली गेली.

वाचकांच्या संदेशांविषयीचे कलम हेही असेच. पहिल्या वेळच्या मसुद्यात "आक्षेपार्ह मजकूर काढून टाकण्यात येईल" असे गुळगुळीत वाक्य होते. गटातल्या दोघांनी सांगितले की, मूत्रपिंडाच्या आजाराविषयी कोठेही क्रमांक दिसला की "किडनी मिळवून देतो" असे फोन येऊ लागतात, आणि कर्जात बुडालेली माणसे स्वतःची किडनी विकण्याचे संदेशही पाठवतात. मानवी अवयव प्रत्यारोपणाच्या १९९४ च्या कायद्यानुसार असा व्यवहार आणि त्याची जाहिरात हा गुन्हा आहे. शिक्षा पाच ते दहा वर्षांच्या कारावासाची आणि दंड किमान वीस लाख रुपयांचा. आमच्या धोरणात आता कोणताही संदेश पाहिल्याशिवाय प्रसिद्ध होत नाही, त्यातले क्रमांक झाकले जातात आणि असे विचारणाऱ्याला हा गुन्हा आहे हे सौम्य शब्दांत कळवले जाते. शेवटचा भाग गटाचा आग्रह होता. नुसता संदेश पुसला तर तो माणूस दुसरीकडे विचारील, असे त्यांचे म्हणणे पडले.

एवढे सांगून झाल्यावर या रीतीची किंमतही सांगायला हवी, नाहीतर हा आढावा एकतर्फी होईल. तीन आठवड्यांचे काम पाच महिन्यांवर गेले. कोणाचा डायलिसिसचा दिवस बदलला, कोणाला ताप आला म्हणून बैठका पुढे गेल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापुरात उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाल्यापासून आमच्या वकील मित्रांना विनामोबदला कामासाठी गाठणे कठीण झाले, हेही त्यात मिसळले. एक निवृत्त शिक्षक सुरुवातीला एकटेच बोलत. पुढे प्रत्येकाने आधी कागदावर लिहून मग बोलायचे असे ठरवले तेव्हा इतरांना वाव मिळाला. रुग्ण आणि नातेवाईक यांची मते एक नसतात, हेही ध्यानात ठेवावे: छायाचित्राला मुलगा उत्साहाने होकार देतो आणि वडील गप्प राहतात. शिवाय सात माणसे म्हणजे सगळे रुग्ण नव्हेत. आमचा गट राजारामपुरी, शाहूपुरी आणि जवळच्या करवीर तालुक्यातलाच राहिला, याची मला खंत आहे. गटातला एक सदस्य काम पूर्ण होण्यापूर्वीच गेला. त्याच्या छायाचित्राचे काय करायचे हा प्रश्न त्यानंतर पुढे आला आणि आपल्या पश्चात निर्णय कोणी घ्यावा त्याचे नाव लिहिण्याची ओळ संमतीपत्रात घातली गेली. असे नामनिर्देशन करण्याचा हक्क नव्या कायद्यातही आहे. मसुद्याच्या पहिल्या फेरीत तो कोणाला सुचला नव्हता.

रुग्णांना निर्णयाच्या टेबलावर बसवा ही मागणी काही नवी नाही. अमेरिकेतील एड्सच्या रुग्णांनी १९८३ मध्ये डेन्व्हर येथे ती स्पष्ट शब्दांत मांडली होती. तरीही प्रत्येक संस्थेला दुसरी रीत झेपेलच असे मी म्हणणार नाही. तुमचे संकेतस्थळ चार पानांचे असेल, त्यावर रुग्णांची छायाचित्रे वा कथा नसतील आणि संदेशांची सोयही नसेल, तर वकिलांचा मसुदा आणि प्रश्नावली पुरेशी ठरावी. त्या रीतीने जाणार असाल तर दोन गोष्टी सुचवतो. कागदावर नाव घेऊ नका आणि तो गोळा करण्याचे काम संस्थेबाहेरच्या माणसाकडे द्या. "हे योग्य आहे का?" असे न विचारता "यातले कोणते एक वाक्य काढून टाकावे?" असे विचारा, म्हणजे निदान "छान आहे" असे लिहायला जागा राहणार नाही. पण रुग्णाचा चेहरा दाखवून देणगी मागणारी संस्था असेल, तर, मला वाटते, पाच महिने द्यावेत.

गट बसवणाऱ्यांसाठी काही बारीक गोष्टी. अंतिम निर्णय विश्वस्तांचाच असतो हे लपवू नये. मात्र गटाची जी सूचना नाकारली जाईल तिचे कारण लेखी द्यावे. आम्ही दोन सूचना नाकारल्या आणि कारणे दिली, त्यानंतरच गट खऱ्या अर्थाने भांडू लागला. चहा अर्धा कप ठेवावा, पाणी मोजणाऱ्या माणसाला भरला कप नाकारण्याची वेळ आणू नये. आणि प्रवासखर्चाचे पाकीट बैठक सुरू होण्यापूर्वीच हाती द्यावे. आम्ही ते पहिल्या दोन वेळा शेवटी दिले होते, आणि पाकीट घेताना प्रत्येक जण त्या दिवशी मांडलेली तक्रार थोडी मागे घेत होता.