जेट टॅगिंग: पार्टिकलनेट घ्यावं की पार्टिकल ट्रान्सफॉर्मर?

जेट म्हणजे कणांच्या टकरीतून एका दिशेने निघालेला कणांचा झोत, आणि तो कोणत्या मूळ कणापासून आला हे ओळखणं म्हणजे जेट टॅगिंग. जेटची चित्रं करून सीएनएनला (चित्रं ओळखणाऱ्या न्यूरल नेटवर्कला) भरवायचे दिवस आता मागे पडले. उपरचनेच्या, म्हणजे जेटच्या आतल्या रचनेच्या, चलांवर चालणारा बीडीटी (निर्णयवृक्षांचा संच) ताडून बघायला हाताशी असावा, पण तेवढ्यापुरताच. नवा टॅगर (जेट ओळखणारं मॉडेल) करायला घेतला की निवड बहुतेक वेळा दोघांतच उरते: २०१९ मध्ये आलेलं पार्टिकलनेट आणि २०२२ मधला पार्टिकल ट्रान्सफॉर्मर.

आधी एक गैरसमज बाजूला काढू. पार्टिकलनेट ‘हलकं’ म्हणून घ्यावं, हा सल्ला अर्धाच खरा आहे. पॅरामीटर त्याचे कमी, साधारण ३.७ लाख, ट्रान्सफॉर्मरचे २१ लाख. पण एका जेटमागची आकडेमोड उलट पार्टिकलनेटचीच जास्त, सुमारे ५४ कोटी क्रिया विरुद्ध ३४ कोटी. प्रत्येक कणाचे १६ शेजारी धरून एजकॉन्व्ह (शेजाऱ्यांची माहिती एकत्र करणारी पायरी) चालवायचं, तेही तीनदा, आणि दर थराला शेजारी नव्याने शोधायचे. त्याची ही किंमत.

गुणवत्तेचं म्हणाल तर टॉप टॅगिंगच्या, म्हणजे टॉप क्वार्कचे जेट ओळखण्याच्या, प्रचलित डेटासंचावर (प्रशिक्षणाला १२ लाख जेट; पीटी, म्हणजे शलाकेला आडवा संवेग, ५५० ते ६५० जीईव्ही) दोघांची अचूकता ०.९४० वरच येते. ३० टक्के सिग्नल (हवे ते जेट) राखताना बॅकग्राउंड (नको ते जेट) दोघंही साधारण १,६०० पट कमी करतात. ट्रान्सफॉर्मर तिथे खरा पुढे जातो तो १० कोटी जेटांच्या जेटक्लास या डेटासंचावर आधी शिकवून मग आपल्या डेटावर फाइन-ट्यून केल्यावर. मग तोच आकडा २,७०० च्या पुढे सरकतो. एवढा फायदा कोणी सहज सोडणार नाही. जेटक्लासच्या दहा वर्गांवर तर शून्यापासून शिकवला तरी तो पुढेच असतो, हेही मान्य. पण हातात दहा-वीस लाख जेट आणि दोनच वर्ग असतील, तर ट्रान्सफॉर्मर घेणं म्हणजे व्यवहारात त्याची तयार वेट्स (आधीच शिकलेले पॅरामीटर) घेणं.

आणि खरी डोकेदुखी तिथेच आहे.

ट्रान्सफॉर्मर कणांच्या प्रत्येक जोडीसाठी चार राशी काढतो, त्यातली एक म्हणजे जोडीच्या वस्तुमानाच्या वर्गाचा लॉग. हा वर्ग काढतात तो एकूण ऊर्जेच्या वर्गातून एकूण संवेगाचा वर्ग वजा करून. ईटा (शलाकेशी असलेल्या कोनाचं माप) शून्याच्या आसपास प्रत्येकी २०० जीईव्हीचे दोन कण घ्या, ईटा आणि फाय (शलाकेभोवतीचा कोन) यांतलं अंतर ०.०००५. खरं उत्तर ०.०१ च्या घरात. पण वजाबाकी चाललीय १,६०,००० च्या आकड्यांची, आणि ३२ बिटांत तिथे लगतच्या दोन संख्यांमधलं अंतरच ०.०१६ आहे. म्हणजे उत्तर कधी शून्य, कधी उणे. कोड त्याला दहाच्या उणे आठव्या घाताची तळमर्यादा लावतो आणि लॉग थेट −१८.४ वर आदळतो, जिथे तो −४.६ असायला हवा होता. जीपीयूवर एक, सीपीयूवर दुसरं, असंही होतं, कारण बेरजांचा क्रम बदलतो. १६ बिटांत तर १,६०,००० मावतच नाही. ६५,५०४ च्या वर सगळं अनंत.

दुरुस्ती अवघड नाही. कण वस्तुमानहीन धरून चार गुणिले दोन्ही पीटी, गुणिले ईटा-फरकाच्या अर्ध्याचा साइनएचवर्ग (हायपरबोलिक साइनचा वर्ग) आणि फाय-फरकाच्या अर्ध्याचा साइनवर्ग यांची बेरीज, असं लिहिलं की मोठ्या आकड्यांची वजाबाकीच उरत नाही. पण तयार वेट्स शिकलीत ती जुन्या, खडबडीत राशीवर! सूत्र बदललं की इनपुटचं वितरण हलतं, आणि ज्या फायद्यासाठी हा मार्ग धरला त्यातच गळती सुरू होते. तेच इतर इनपुटचं: कणाच्या पीटीच्या लॉगमधून १.७ वजा करून ०.७ ने गुणायचं, हे आकडेही जसेच्या तसे ठेवावे लागतात. जेटक्लासचे जेट ५०० ते १,००० जीईव्हीचे, त्रिज्या ०.८. तुमचे ३०० जीईव्हीचे असतील तर जपून. एरर कसलाही येत नाही, टॅगरची ओळख नुसती कमकुवत होते.

पार्टिकलनेटही काही सोवळं नाही. पॅडिंगचे (यादीची लांबी सारखी करायला भरलेले खोटे) कण शेजारी म्हणून निवडले जाऊ नयेत यासाठी त्यांना १०० कोटी इतक्या लांब फेकतात. १६ बिटांत तेही अनंत होतं आणि अनंतातून अनंत वजा होऊन एनएएन (अर्थहीन संख्या). अंतरं ३२ बिटांत काढा, प्रश्न मिटला. जेटमध्ये १७ पेक्षा कमी कण असतील तर पॅडिंग शेजारी बनून आत येतंच, आणि पॅडिंगच नसेल तर शेजारी निवडणारी टॉप-के पायरी सरळ एरर देते. ०.४ त्रिज्येच्या कमी पीटीच्या जेटांत हे नेहमीचंच. तिथे शेजारी ७ वर आणावेत. फरक इतकाच, की या दुरुस्त्या शिकवायच्या आधी करता येतात आणि बाहेरून आणलेल्या कशाशी त्यांचं भांडण नसतं.

निवडलेल्या बॅकग्राउंडमध्ये सिग्नलच्याच वस्तुमानापाशी खोटा उंचवटा दोघंही सारखाच उठवतात. सिग्नलची वस्तुमानं पसरून घ्या आणि पीटी-वस्तुमानात दोन्ही वर्ग समान वजनाचे करा. पायथिया आणि हर्विग या टकरींची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममधल्या फरकाला, विशेषतः ग्लुऑन जेटांत, दोघंही बळी पडतात.

माझा कल कुठे आहे ते लपलेलं नाही, तरी कोट्यवधी जेट स्वतः तयार करायची सोय असेल तर ट्रान्सफॉर्मरच घ्यावा, तोही दुरुस्त सूत्रासह शून्यापासून शिकवून. तयार वेट्सच वापरायची असतील तर तेच हजारभर जेट जीपीयू आणि सीपीयूवर चालवून स्कोअर शेजारी मांडा, आणि कटच्या (निवडीच्या उंबरठ्याच्या) आसपासचे किती जेट बाजू बदलतात ते मोजा.